जिंकणाऱ्याने मागून खावं

वेंटवर्थव्हिल, सिडनी
१४ जून २०२०

चि. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद.

पारोळ्याला तुझी एक आजी असायची. नाक बसकं, जीभ तिखट, डाव्या मनगटावर गोंदण. आठवत नसेल तर तुझ्या बाबाच्या लग्नाचा फोटो काढ. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मागे एक बाई वाढप्यांकडे डोळे वटारून उभी आहे, ती मी. अजून आहे. वाढदिवसाला तुझा फोन आला नाही म्हणून मी काही म्हणत नाही. मला तरी माझी तारीख कुठे ठाऊक आहे? पण आंबे उतरायला लागले की आजीचा वाढदिवस, एवढं तुला पूर्वी पाठ होतं. अमेरिकेत आंबे उतरत नसतील.

लिहितेय तुझी अंजूआत्या. मी सांगायचं, तिने लिहायचं, मग मोबाईलने फोटो काढून तुझ्याकडे धाडायचा. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणतेस आणि मागे भांडी घासल्याचा आवाज येतो. कागद वाचायला माणसाला बसावं लागतं. पाचवीपर्यंतचं मराठी तुझं, गंजलं असेल, सावकाश वाच. मला तेवढंही येत नाही, तेव्हा हसू नकोस.

मी इथे डिसेंबरात आले ती धुरात. रानं पेटली होती, सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसायचा. तीन महिने अंजूकडे राहायचं आणि एप्रिलात तुमच्याकडे यायचं, असं ठरलं होतं. धूर गेला तोवर जगाची दारं लागली. आता जूनमध्ये इथे थंडी आहे. ऋतू उलटा, दिवस उलटा. तुझ्याकडे संध्याकाळ होते तेव्हा माझी उद्याची सकाळ उजाडलेली असते. म्हणजे मी तुझ्या उद्यात बसून हे सांगतेय. उद्या काय होणार ते मला दिसायला हवं. पण मला दिसतात फक्त आगगाड्या. अंजूच्या बाल्कनीतून रूळ दिसतात. गाड्या येतात, जातात, दिवे लागलेले असतात आणि आत चिटपाखरू नसतं. कुणी तरी स्वप्न बघून उठलं आणि आवरायचं विसरलं, तशा.

तर तू निवडून आलीस. हॉथॉर्न काउंटीतून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला एकच प्रतिनिधी जायचा होता आणि तो म्हणे तू. पेढे वाटले असते, पण इथे दुकानाबाहेर रांगेत जमिनीवर फुल्या मारल्यात, एकेका फुलीवर एकेक माणूस उभा. देवाने सारीपाट मांडल्यासारखा. एवढ्या रांगेत पेढ्यांसाठी कोण उभं राहणार?

मुरलीने मला यातलं काही सांगितलेलं नाही हं. तुझा बाबा आणि मी असल्या विषयावर बोलत नाही. कळलं इकडून तिकडून. निवडीची सभा ऑनलाइन होती, त्या दिवशी त्याने निळा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता आणि खाली लेंगाच होता, कारण पडद्यावर खालचं दिसत नाही. इकडून तिकडून हेही कळलं, की उभे राहणारे आणखी दोघे होते, एक निवृत्त मास्तरीणबाई आणि तो टायरच्या दुकानाचा वॉल्टर, आणि मुरलीने दोघांना आधी फोन करून माघार घ्यायला लावली. ‘इतकी वर्षं काउंटीचा पक्ष तू सांभाळलास मुरली, शाळेच्या वाचनालयात खुर्च्यासुद्धा तूच लावतोस, तूच जा,’ असं ते म्हणाले. निवडणूक बिनविरोध करून घ्यायची, ही त्याच्या वडिलांची पद्धत. दीनानाथरावांनी पारोळ्यात कधी मतपेटी उघडू दिली नाही. मतपेटी उघडली की गाव फाटतं, म्हणायचे.

मग सभेत तो म्हणाला, ‘माझी मुलगीही अर्ज भरून बसली आहे, पण ती घरचीच आहे, ती मागे घेतेय.’ आणि तू कुठलंसं बटण दाबून म्हणालीस, ‘नो, आय ॲम नॉट.’

हे वाक्य अंजूने मला तीनदा म्हणून दाखवलं. दर वेळी मला जरा हसू आलं. पण त्यानंतर मतं मोजली आणि मुरलीचं चित्र गेलं. त्याची चौकट काळी झाली, त्यावर नुसतं नाव राहिलं, मुरलीधर. त्या काळ्या चौकटीत तो अजून बसलेला आहे, असं मला इकडून तिकडून कळतं. तुझी आई गेल्यापासून घरात एकटाच. आणि तू बागेपलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर.

एवढंच सांग. उभी राहतेस हे त्याला आधी का नाही सांगितलंस? आणि त्याने तुला का नाही विचारलं, हे मी त्याला विचारीन. म्हणजे विचारलं असतं, आमचं बोलणं होत असतं तर.

तुझी,
आजी


वेंटवर्थव्हिल
५ जुलै २०२०

चि. स्वरदास,

तुझं पत्र आलं. एवढंसं. अंजूने चष्मा पुसेपर्यंत संपलंसुद्धा. ‘आय ॲम नॉट अपॉलोजायझिंग, आजी.’

अगं, माफी मागायला सांगितलंय कुणी? पारोळ्यात एवढी वर्षं काढली, कुणी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही. तरी गाव चाललं. आमच्याकडे दुसरी रीत होती, ती ऐक.

नगरपालिकेची तिकिटं वाटली जायची आपल्या ओसरीवर. एकाला मिळायचं, चौघांचं कापलं जायचं. त्या चौघांतला एक तरी घरी जाऊन पांघरूण घेऊन पडायचा. मग तुझे आजोबा तिकीट मिळालेल्याला सांगायचे, ‘जा, त्याच्याकडे जाऊन जेवून ये.’ बोलावणं नसताना जायचं. हारतुरे नाहीत, गुलाल नाही, राजकारणाचा शब्द नाही. दारात बसायचं आणि म्हणायचं, भूक लागलीय. एकदा भास्करला तिकीट मिळालं आणि त्याच्या चुलतभावाचं, हेमचंद्राचं, कापलं. भास्कर गेला, उंबऱ्यावर बसला. ‘वहिनी, काही आहे का?’ वहिनीचं तोंड हे एवढं. तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर आपटला. हा मुकाट खातोय, वर आणखी मागतोय. आत हेमचंद्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. अर्ध्या भाकरीनंतर आतून आवाज आला, ‘अगं, त्याला तेल तरी घाल त्या ठेच्यावर.’

झालं. मिटलं. जिंकणाऱ्याने मागून खावं. का, माहितीय? वाढणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. हरलेल्या माणसाचा हात कुठे तरी वर यायला हवा गं. माफीने तो वर येत नाही. माफी मागणारा उलट आणखीच मोठा दिसतो.

तेव्हा या येत्या रविवारी, तिसऱ्या प्रहरी, बागेतून चालत जा. मास्क लाव, लांब उभी राहा, सरकार म्हणेल ते कर. पण म्हण, ‘बाबा, भूक लागलीय.’ तो काय देईल त्याची भीती वाटत असेल तर तीही बरोबर आहे. त्याची खिचडी मी खाल्लेली आहे.

तुझं अधिवेशन मी काल बघून आले. जेवण झालं, बाल्कनीत उन्हाला बसले. इथलं थंडीतलं ऊन मांजरासारखं आहे, मांडीवर येऊन बसतं आणि हलत नाही. डोळा लागला. तर भला मोठा मंडप, पण खांब नाहीत. प्रत्येक प्रतिनिधी आपापल्या खिडकीत बसलेला आणि खिडक्या हवेत तरंगताहेत. एका खिडकीतून कांद्याचा वास, एकीतून कॉफीचा, एकीत कुणाचं तरी बाळ रडतंय. तुझे आजोबा पाण्याचा तांब्या घेऊन खिडक्याखिडक्यांतून फिरत होते. हात पोचत नव्हता, तरी पाणी पोचत होतं. आणि मुरली, अर्ध्या चड्डीतला, आपली खुर्ची शोधत होता. खुर्च्या सगळ्या झाडांवर. मिटलेल्या, उलट्या लटकलेल्या. पॅरामॅटाच्या बागेत वटवाघळं लटकतात ना, तशा. मी म्हटलं, ‘मुरली, हाक मार, खाली येतील.’ तो म्हणाला, ‘आई, मी अध्यक्ष आहे, मी कशी हाक मारू?’

जाग आली तर अंजू बाजूला कुणाशी तरी मीटिंगमध्ये बोलत होती, ‘नो वरीज, नो वरीज.’ इथे सगळेच असं म्हणतात. काळज्या सगळ्यांनी माझ्याकडे ठेवायला दिल्यात.

रविवारी जा.

आजी


वेंटवर्थव्हिल
१४ जुलै २०२०

चि. स्वरदास,

तुझा निरोप मिळाला. गेलीस, बेल वाजवलीस, दार उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता तरी उघडलं नाही. ‘पुन्हा मला जायला सांगू नकोस,’ असं तू म्हणतेस. वाईट वाटलं.

इथे थंडी वाढलीय. वेस्टमीडच्या हॉस्पिटलवर हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा अंजूच्या खिडकीच्या काचा थरथरतात. पोपट पुष्कळ. एक पोपट रोज बाल्कनीच्या कठड्यावर येतो, अंगावर होळी खेळून आल्यासारखे रंग.

तू तिथे किती वाजता गेली होतीस? सहज विचारते.

नाही, सहजच. आणि जाताना पायात काय घातलं होतंस?

आत्याने पेन खाली ठेवलंय. म्हणते, ‘आई, तू तिला खरं सांगत नाहीस तोवर मी पुढे एक अक्षर लिहिणार नाही.’ बघ, शिकलेल्या लेकीचा जाच. अक्षर माझ्या हातात असतं तर मी पोपटावर चार पानं लिहिली असती. बरं, लिही बाई.

मुरलीशी माझं बोलणं होतं. रोज होतं. त्याची सकाळ व्हायच्या आत तो फोन करतो आणि काही बोलत नाही, मी बोलते. त्याला मी सांगितलं होतं, ‘तुझे वडील काय करायचे आठवतं ना? कुणी रुसलं की अध्यक्ष स्वतः त्याच्या दारी जायचा. मुलगी रुसलीय, तू अध्यक्ष आहेस. या रविवारी जा. गेल्यावर खायला माग.’

ही रीतसुद्धा खरी आहे. दोन्ही रिती खऱ्या आहेत. फक्त एकाच दिवशी नाहीत.

तुझे आजोबा दोन्हीकडच्या माणसांना हेच सांगायचे, की समोरचा नरमलाय, तू एक पाऊल टाक. आणि ते चालायचं, कारण पारोळ्याला रस्ता एकच. दोघं निघाले तर मारुतीच्या पारापाशी गाठ पडायचीच. तुमच्याकडे रस्ते दोन आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. तू बागेतून गेलीस, तो गाडी घेऊन मोठ्या रस्त्याने. तू त्याच्या दारात उभी होतीस तेव्हा तो तुझ्या दारात उभा होता.

तो मला म्हणाला, ‘आई, तिच्या चपला दाराबाहेर होत्या. घरातच होती. उघडलं नाही.’ चपला बाहेर म्हणजे माणूस आत, हे त्याच्या हाडात बसलंय. अमेरिकेत एवढी वर्षं काढली तरी गेलं नाही. तू बूट घालून गेली होतीस ना? मला वाटलंच.

आणि तू म्हणतेस टीव्ही चालू होता. तुझी आई गेल्यापासून तो बाहेर जाताना टीव्ही लावून जातो. परत येताना घरातून कुणाचा तरी आवाज यावा म्हणून. तुला ठाऊक नव्हतं? मलाही आत्ताच कळलं, इकडून तिकडून.

आता हे सगळं मी त्यालाही सांगितलं. चांगलं काम केलं असं मला वाटलं. तो म्हणाला, ‘म्हणजे ती आपण होऊन आली नव्हती. तू धाडलं होतंस.’ आणि फोन ठेवला. आज त्याचा फोन आला नाही.

आत्या विचारते, झालं का? झालं.

आजी


वेंटवर्थव्हिल
२ ऑगस्ट २०२०

चि. स्वरदास,

तुझं मोठं पत्र आलं. अंजूने ते दोन दिवसांत वाचून दाखवलं, कारण मध्ये मध्ये तिला थांबावं लागलं.

तू वृद्धांच्या त्या सेवाघरात काम करतेस हे मला माहीत होतं. काय काम करतेस ते मी कधी विचारलं नाही. माझी कल्पना अशी, की म्हाताऱ्यांना गोळ्या द्यायच्या आणि त्यांच्या गोष्टी ऐकायच्या. एप्रिलमध्ये तिथे काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला मास्क नव्हते, तुम्ही कचऱ्याच्या पिशव्या अंगावर बांधून आत जात होता. घरच्या माणसांना आत सोडत नव्हते, म्हणून तू टॅब्लेट धरून उभी राहायचीस, मुलगी पडद्यावर रडतेय आणि म्हातारी इकडे पडद्यावरून हात फिरवतेय. आणि तू हात ताठ धरून उभी. त्या हाताला तेल लावायला मी तिथे हवी होते.

‘आजी, ते सगळं बघून घरी यायचे आणि मला वाटायचं, हे कुठे तरी जाऊन कुणाला तरी सांगायला हवं. अर्ज त्यासाठी भरला. बाबांना हरवायला नाही,’ असं तू लिहिलंस.

पोरी, हे तू मला लिहिलंस. त्याला सांगितलंस का? त्याला वाटतंय, मुलीला आपली जागा हवी होती. तुला वाटतंय, बापाला आपली मुलगी दिसत नाही. दोघांनाही चुकीचं वाटतंय आणि दोघंही माझ्याच रक्ताचे आहात, म्हणून मीच तुम्हाला ओळखते, दुसरं कोण ओळखणार!

एक गोष्ट सांगते, ती मुरलीला सांगू नकोस. ओसरीवर तिकिटं वाटली जायची तेव्हा चहा मी करायचे, पिठलं मी करायचे, आणि ‘आमच्या गावात सगळं एकमताने होतं’ हे दाराआडून मी ऐकायचे. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी आत येऊन विचारलं नाही, की बाई, तुमच्या मते कोण हवा? माझ्या मते कुणी तरी हवा होता. पुष्कळदा दुसराच हवा होता. बिनविरोध म्हणजे काय, तर ज्यांना विचारलंच नाही त्यांचा होकार. तू ‘नो, आय ॲम नॉट’ म्हणालीस ते बरं केलंस. मला हसू येत होतं ते त्याचं.

पण मुरलीचं मला पोटात तुटतं, तेही खरं आहे. त्याचे वडील एकदा अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेले होते, तेव्हा तो जेमतेम कंबरेएवढा. त्यांनी परत येऊन सांगितलं, ‘मैदानाला कडा नव्हती. जिकडे बघावं तिकडे माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण मधोमध आहोत.’ मुरलीने ते ऐकलं तोंडाचा आ करून. पुढे तो परक्या देशात गेला, तिथे कडेलाच उभा राहिला. एकेक दार वाजवत, एकेक खुर्ची लावत मधोमध यायला बघत होता. या वर्षी येणार होता. आणि या वर्षी मैदानच नाही. तूही घरी बसूनच प्रतिनिधी. जे मिळालं नाही म्हणून तो रुसलाय ते कुणालाच मिळालेलं नाही, हे त्याला कोण सांगणार?

अंजू आत्ता म्हणाली, वॉल्टरने तिला निरोप धाडलाय. टायरवाला म्हणून त्याला हसायचे मी, पण माणूस बरा आहे. मुरलीने अध्यक्षपद सोडलं. शनिवारी गरजूंच्या धान्यवाटपालाही आला नाही. वॉल्टर घरी गेला तर पडदे लावलेले, टीव्ही बंद.

टीव्ही बंद, म्हणजे तो आत आहे. आणि बाहेर जायचा विचार नाही.

स्वरदा, माझ्याकडे आता युक्ती नाही. मी इकडची तिकडे आणि तिकडची इकडे केली, त्यात माझ्या शब्दाचं होतं ते नाणंसुद्धा खोटं पडलं. तू सेवाघरातलं जे मला लिहिलंस ते मी त्याला सांगणार नाही. माझ्या तोंडून गेलं की ते पुन्हा धाडलेलं होईल. तू सांग. दार उघडत नसेल तर फोनवर निरोप ठेव. उचलत नाही, पण ऐकतो. परवा मी निरोप ठेवला, ‘मुरली, दूध उतू गेलं रे.’ थोड्या वेळाने अंजूच्या मोबाईलवर त्याचं उत्तर आलं, ‘गॅस बंद कर.’ तेवढंच. पण ऐकतो.

दुपारी ऊन अंगावर घेऊन बसते आणि रोज तो मंडप दिसतो का बघते. हल्ली नुसती रिकामी आगगाडी दिसते. ती थांबते, दार उघडतं, वाट बघते, बंद होतं.

आजी


वेंटवर्थव्हिल
२३ ऑगस्ट २०२०

चि. स्वरदास,

काल इथे गणपती बसले. मोबाईलवर आरती, प्रत्येकाची टाळी वेगळ्या वेळी, त्यामुळे टाळ्या संपेचनात. आज ऋषिपंचमी. वेंटीच्या, म्हणजे आमच्या वेंटवर्थव्हिलच्या, दुकानातून अंजूने भाज्या आणल्या, त्यात अळू नाही आणि म्हणे चालतं. असो. ऋषींनाही आता सवय झाली असेल.

तुझं पत्र मी चार वेळा अंजूकडून वाचून घेतलं. पाचव्यांदा म्हटलं तर अंजू म्हणाली, ‘आई, आता तुला पाठ आहे, तूच म्हण.’ म्हटलं. चुकलं तर सांग.

तू फोनवर निरोप ठेवलास. एकात मावेना म्हणून मध्येच तुटला, दुसरा ठेवलास, मग तिसरा. सगळं सांगितलंस, पिशव्या, टॅब्लेट, हात. माफी मागितली नाहीस. शाब्बास. आठवडा गेला, उत्तर नाही. मग अधिवेशनाची ती संध्याकाळ आली, सगळ्या राज्यांची नावं पुकारतात ती. तू एकटी टीव्हीसमोर, आणि बेल वाजली.

तो पायरी सोडून खाली अंगणात उभा होता. मास्क लावलेला, निळा शर्ट घातलेला. तू दारात. मग तो म्हणाला, ‘काही खायला आहे का?’

स्वरदा, मी हे ऐकलं आणि अंजूला म्हटलं, थांब, पुन्हा वाच. जिंकणाऱ्याने मागायचं असतं. हरलेल्याने स्वतः होऊन मागितलेलं मी माझ्या हयातीत पाहिलं नाही, ऐकलंही नाही. त्याच्या वडिलांना हे सुचलं नसतं. आणि मी सांगितलं नव्हतं हं. या वेळी खरंच नव्हतं. आत्या साक्षीला आहे, तिने पेन खाली ठेवलेलं नाही.

आणि तू काय दिलंस? मॅगी! एवढ्या मोठ्या पक्षाची प्रतिनिधी आणि घरात मॅगी. त्याने पायरीवर बसून खाल्ली. ‘मीठ कमी आहे,’ म्हणाला. मॅगीत मीठ कमी कसं असेल? तेव्हा मला कळलं, तो बरा आहे.

मग तू टीव्ही खिडकीकडे वळवलास, मुरली बाहेर, तू आत, काच उघडी. एकेक राज्य येत होतं. कुणी समुद्राकाठी उभं, कुणी शेतात, कुणी आपल्या घरापुढे, आणि आपापली मतं सांगत होते. तुमचं राज्य आलं, कुणी तरी अनोळखी बाई चार शब्द बोलली आणि गेलीसुद्धा. तुझं मत तर तू आधीच धाडून बसली होतीस. त्याने विचारलं, ‘एवढंच?’ तू म्हणालीस, ‘एवढंच.’ आणि दोघं हसलात. तू लिहितेस, तो डोळे पुसेपर्यंत हसला.

यानंतरचं मी मोठ्याने म्हणत नाही, मनात म्हणते. त्याने विचारलं, ‘तुझ्या तिथली कोण कोण गेली? नावं सांग.’ आणि तू खिडकीतून एकेक नाव सांगितलंस आणि त्याने पायरीवरून ते एकेक नाव परत म्हटलं. टीव्हीवर राज्यांची नावं चालली होती आणि तुमच्याकडे ही. मला वाटतं, अधिवेशन तेच झालं. बाकीचं फटाक्यांचं.

दुपारी उन्हात डोळा लागला तेव्हा तुमची ती पायरी मला दिसली. आगगाडी आली आणि तिच्यात माणसं होती. खूप म्हातारी माणसं, नीट भांग पाडलेली, खिडकीला बसलेली. कुणी उतरलं नाही. पण बघत होती, उतरायचं स्टेशन बरं दिसतंय, अशी.

मुरलीचा फोन आला. तो म्हणतो, ‘ती थांब थांब म्हणत होती, म्हणून जरा थांबलो.’ मी म्हटलं, ‘हो का रे.’ वॉल्टरने पद परत घे म्हटलं तर म्हणाला, ‘निवडणूक घ्या. दोघं-तिघं उभे राहू देत. मग बघू.’ मी काही बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा.

पण एका मॅगीने काही होत नसतं. तो पुन्हा पडदे लावील. मी ओळखते त्याला, जन्म दिलाय. म्हणून आता भांडी घासणं थांबव आणि नीट वाच. उद्या त्याला कढी करून ने. ताक चांगलं आंबट घे, बेसन चिमूटभर, आणि घट्ट करू नकोस. पातळ हवी, डचमळेल इतकी. म्हणजे ती कुणाच्या हाती देता येणार नाही आणि गाडीत ठेवता येणार नाही, बागेतून सावकाश चालत तुलाच न्यावी लागेल. काठोकाठ भर, पातेलं दोन्ही हातांनी धर. दोन्ही हात अडकले की बेल दाबता येत नाही. दाराबाहेर उभं राहून ‘बाबा’ म्हणून हाक मारावी लागते. फोडणीत लसूण विसरू नकोस.